बाकावरची रिकामी जागा

विरार लोकलने नित्य प्रवास करणाऱ्या माणसाला बाकावरच्या जागेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तिघांसाठी केलेल्या बाकावर चौथ्यानेही बसावे हा येथला अलिखित कायदा आहे, आणि त्या चौथ्या जागेसाठी, म्हणजे खरे तर बाकाच्या कडेवर अर्धे अंग टेकविण्यासाठी, भली भली माणसे आपला शिष्टाचार फलाटावर ठेवून गाडीत चढतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीत आम्ही रात्री आठच्या सुमारास दादरला चढलो. उभ्या माणसांची दाटी होती. आणि तरीही एका बाकावर चक्क जागा रिकामी होती. खिडकीशी एक आफ्रिकी तरुण बसला होता. मांडीवर पुस्तकांची पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. त्याच्या शेजारी कोणीही नव्हते.

आम्हीही बसलो नाही. गुडघेदुखी हा आमचा जुना सोबती आहे. बसावयास मिळावे म्हणून एरवी दोन गाड्या सोडून देणारे आम्ही त्या रात्री दादरपासून उभे राहिलो. कोणी आम्हांस अडविले नव्हते. कोणी अडवीत नव्हते हेच खरे तर सांगावयाचे आहे.

अंधेरीच्या पुढे गर्दीतून कोणीतरी म्हणाले, ‘‘बसा की राव, खाणार नाही तो तुम्हांला!’’ डबाभर हशा उसळला. तरुणाला मराठी येत नसावे. पण हशा कळावयास भाषा लागत नाही. त्याने पिशवी छातीशी धरली आणि तो खिडकीबाहेर पाहू लागला. आम्ही हसलो नाही, असे लिहावयास आम्हांस आवडले असते. आम्ही किंचित हसलो. मीरा रोडला तो उतरावयास उठला, आणि दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो बाक चार माणसांनी भरून गेला.

त्या डब्यात काय घडले? कायद्याच्या दृष्टीने काहीही नाही. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. प्रत्येकाने फक्त एका ठिकाणी न बसण्याचे ठरविले, आणि कोठे बसावे, कोठे बसू नये हे स्वातंत्र्य प्रत्येकास आहेच. मग ज्याला कोणी कर्ताच नाही असा अन्याय असू शकतो काय? हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळविला आहे. आमचे उत्तर असे की, असू शकतो. शंभर माणसांनी मिळून केलेला अन्याय शंभरांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला नगण्य येतो, असा हिशेब आपण मांडतो. परंतु ज्याच्यावर तो होतो त्याच्या वाट्याला तो वाटून येत नाही. त्याला तो सगळाच्या सगळा भोगावा लागतो.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनीच्या दृष्टान्तात जखमी माणसाच्या बाजूने निघून गेलेला याजक आणि लेवी आपणांस परिचित आहेत. त्या दोघांनी त्या वाटसरूला मारले नव्हते की लुटले नव्हते. ते फक्त रस्त्याच्या दुसऱ्या कडेने गेले. पवित्र मिस्साच्या आरंभी आपण आपल्या अपराधांची कबुली देतो तेव्हा विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबरच जे करावयाचे राहून गेले त्याचेही नाव घेतो. हा शेवटचा भाग आपण सवयीने उच्चारतो आणि सवयीनेच विसरतो.

आता कोणी म्हणेल की, एका गाडीतील क्षुल्लक प्रसंगाचे एवढे अवडंबर कशाला? वंशद्वेष म्हणजे अमेरिकेतील गुलामगिरी, दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषी राजवट. आपल्याकडे तो कोठे आहे? यासाठी २०१७ सालातील दोन घटना आम्ही वाचकांपुढे ठेवतो. त्या वर्षीच्या २२ फेब्रुवारीस अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ओलेथा या गावी एका माणसाने ‘आमच्या देशातून चालते व्हा’ असे ओरडत श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय अभियंत्याची गोळ्या झाडून हत्या केली. सारा देश हळहळला. आपल्या धर्मग्रामांत तर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आखाती देश येथे मुले-नातवंडे असलेली घरे पुष्कळ. त्या आठवड्यात अनेक आयांनी दूरध्वनीवरून आपल्या मुलांना रात्री बाहेर न पडण्याची ताकीद दिली. २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हाही असाच क्षोभ उसळला होता, आणि तो रास्त होता.

याच २०१७ सालच्या मार्च महिन्यात, म्हणजे ओलेथाच्या घटनेनंतर अवघ्या महिनाभरात, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे एक शाळकरी मुलगा बेपत्ता झाला. शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला मारून खाल्ले, अशी आवई उठली. मुलगा परतला, पण पुढे त्याचा मृत्यू झाला. अमली पदार्थांचा संशय व्यक्त झाला. पोलिसांनी पकडलेल्या नायजेरियन तरुणांविरुद्ध पुरावा नव्हता म्हणून त्यांना सोडावे लागले. तरीही जमावाने रस्त्यात आणि एका मोठ्या बाजारसंकुलात दिसेल त्या आफ्रिकी विद्यार्थ्याला खुर्च्यांनी, काठ्यांनी झोडपले. भोवती उभी असलेली पुष्कळ माणसे पाहत राहिली.

‘मारून खाल्ले’ हे शब्द वाचताना आमच्या अंगावर काटा आला, कारण विरार लोकलमधला तो विनोद आम्हांस आठवला. ‘खाणार नाही तो तुम्हांला.’ जो शब्द एका ठिकाणी गंमत म्हणून फेकला जातो, तोच दुसऱ्या ठिकाणी आरोप होतो आणि तिसऱ्या ठिकाणी काठी होतो. आम्ही त्या विनोदावर किंचित हसलो होतो, एवढेच. परंतु असल्या किंचित हसण्यावरच असले विनोद जगतात.

या बाबतीत आपण स्वतःची समजूत ज्या कारणांनी घालतो ती एकदा उजेडात आणून पाहावीत. पहिले कारण भीतीचे. ‘आमचा द्वेष नाही हो, भीती वाटते.’ भीती ही मनाची सहज प्रतिक्रिया आहे आणि सावधपणा हा काही दुर्गुण नव्हे. रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या मुलीने कोणाही अनोळखी पुरुषापासून दूर बसावे, यात गैर काही नाही. परंतु सावधपणा आणि पूर्वग्रह यांतील भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे: त्याच जागी, त्याच कपड्यांत, तीच पुस्तकांची पिशवी घेऊन एखादा गोरा युरोपीय तरुण बसला असता, तर आपण काय केले असते? आम्हांस उत्तर ठाऊक आहे. आम्ही शेजारी बसून ‘कोणत्या देशाचे आपण?’ असे हसतमुखाने विचारले असते.

दुसरे कारण वर्तमानपत्राचे. ‘त्यांच्यातले लोक अमली पदार्थांत पकडले जातात.’ होय, काही पकडले जातात, आणि ज्याने अपराध केला त्यास शिक्षा व्हावयास हवी. पण आपल्या गावच्या एखाद्याने आखाती देशात अफरातफर केली म्हणून तेथील दुकानदाराने आपल्या भावाला दारातून हाकलले, तर आपण काय म्हणू? एकाच्या अपराधाचा गुन्हेगार तोच एक असतो, हा न्याय आपण स्वतःसाठी मागतो. तो दुसऱ्याला नाकारताना आपले मोजमापच बदललेले असते.

तिसरे कारण मोठे गमतीचे आहे. ‘आपण स्वतःच काळेसावळे; आपण कसला वर्णद्वेष करणार?’ ज्या घरात हे वाक्य उच्चारले जाते त्याच घरात नवे बाळ जन्मले की पाळण्यात डोकावणाऱ्यांचा पहिला प्रश्न कोणता असतो? ‘रंग कुणाचा घेतलाय?’ मुलगी सावळी असली तर तिची स्तुतीदेखील ‘रंगाने कमी आहे, पण नाकीडोळी नीटस’ अशी ‘पण’ घालूनच होते. विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’, ‘उजळ’, ‘गव्हाळ’ अशा पायऱ्या असतात. त्याखालच्या पायरीचा उल्लेखच नसतो. गोरेपणाचे आश्वासन देणारे एक प्रसिद्ध मलम १९७५ साली आपल्या बाजारात आले आणि जगभर वंशद्वेषावर चर्चा पेटल्यानंतर २०२० साली त्याच्या नावातला गोरेपणा काढण्यात आला. डबीवरचे नाव बदलले. पाळण्याभोवतीचा प्रश्न तेवढ्याने बदलत नाही. वसई पोर्तुगिजांकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. त्या दोनशे वर्षांचा हवाला देऊन आपल्या घारेगोरेपणाचा अभिमान मिरविणारी माणसे आम्ही आमच्याच नात्यात पाहिली आहेत. भर उन्हात वाडीत राबून रापलेल्या आपल्या आज्यांच्या हातांचा तसा अभिमान मिरविताना मात्र फारसे कोणी आढळले नाही.

शास्त्र याविषयी अगदी रोखठोक आहे. त्वचेतील मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचे प्रमाण पिढ्यानपिढ्या सूर्याच्या तीव्र किरणांशी जुळत गेले. विषुववृत्ताजवळ ते वाढले, उत्तरेच्या मंद उजेडात ते घटले. काळा रंग ही निसर्गाने धरलेली छत्री आहे. तिच्यावरून माणसाच्या बुद्धीचा वा शीलाचा अंदाज बांधणे म्हणजे छत्रीवरून छत्रीवाल्याची पारख करणे होय.

आणि हे लोक आपल्याला परके आहेत हा समज तरी खरा आहे काय? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने वसविलेले खडकी गाव म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याच्या नहरींचे पाणी त्या शहराने शतकानुशतके प्यायले. मुरूडच्या समुद्रातील जंजिरा किल्ल्यावर सिद्दी घराण्याने राज्य केले. गोव्याच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ आणि येल्लापूरच्या रानांत सिद्दी समाज आजही राहतो. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. कोकणीशी नाते सांगणारी बोली ते बोलतात. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते. ज्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर क्रूस आला त्याच राज्याच्या जहाजांतून साखळदंडही आले, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. ती न सांगता श्रद्धेचा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

ख्रिस्तसभेचे हातही या बाबतीत सदैव स्वच्छ नव्हते. पेरू देशातील लिमा येथे १५७९ साली एका स्पॅनिश सरदारापासून कृष्णवर्णीय स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या मार्टिन द पोरेसला डॉमिनिकन मठात प्रथम केवळ सेवक म्हणून प्रवेश मिळाला, कारण तशा रक्ताच्या माणसाला व्रतस्थ होण्याची तेव्हाच्या नियमांत मुभा नव्हती. त्यास संत म्हणून घोषित करावयास १९६२ साल उजाडावे लागले. सुदानच्या दार्फूर प्रांतात जन्मलेली जोसेफिन बखिता बालपणीच पळविली गेली आणि वारंवार विकली गेली. पुढे इटलीत १८८९ साली न्यायालयाने तिला स्वतंत्र ठरविले; ती कनोसा धर्मभगिनी झाली आणि २००० साली संतपदास पोहोचली. तिच्या तसबिरीपुढे आपण मेणबत्ती लावतो. परंतु तिच्याच वर्णाची एखादी स्त्री उद्या रविवारी आपल्या चर्चच्या बाकावर येऊन बसली, तर आपण तिच्याकडे सरकू की तिच्यापासून? आम्ही आमच्या चर्चमध्ये हे पाहिले आहे. दोन आफ्रिकी विद्यार्थी मिस्सासाठी येत. शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की त्यांच्या पुढच्या रांगेतील माणसे उजवी-डावीकडे हात जोडीत. मागे वळत नसत. मिस्सा संपल्यावर आवारात गप्पांचे घोळके जमत आणि ते दोघे गुलमोहराखाली आपसांत बोलत उभे राहत. काही महिन्यांनी ते येईनासे झाले. ते का येत नाहीत, असे कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

येथवर आम्ही साक्षीदाराच्या भूमिकेतून लिहिले. आता जे लिहावयाचे आहे ते लिहिणे जड जाते. पण त्यावाचून हा लेख खोटा ठरेल.

आमच्या घराच्या माडीवर एक खोली भाड्याने द्यावयाची होती. एका सायंकाळी दोन तरुण परिचारिका चौकशीस आल्या. बारीक डोळे, गोल चेहरे, नीटनेटका पेहराव. आम्ही त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘‘तुम्ही कोणत्या देशाच्या?’’ त्यांतली थोरली शांतपणे म्हणाली, ‘‘अंकल, इंडिया. मणिपूर.’’ हे उत्तर तिने याआधी किती दारांत दिले असेल, ते तिच्या आवाजावरून कळत होते. आम्ही ओशाळलो, परंतु ओशाळलेला माणूस चांगला वागतोच असे नाही. ‘कळवितो’ असे सांगून आम्ही त्यांना वाटेला लावले आणि कळविले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, ‘‘त्यांच्या खाण्याला कसला तरी वास असतो म्हणतात. शेजाऱ्यांना त्रास नको.’’

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसते अंगणाकडे पाहिले. तेथे वलांडीवर आमचे बोंबील वाळत होते.

मुंबईतील अनेक इमारतींत मासे खाणारा म्हणून, ख्रिस्ती म्हणून जागा नाकारली गेल्याच्या कहाण्या आपल्या समाजात घरोघरी ऐकावयास मिळतात. आमच्या धाकट्या बंधूंनी तो अपमान सोसला आहे आणि त्यावर आम्ही संतापाने तासभर बोललो आहोत. त्याच अपमानाचा पेला आम्ही आमच्या दारातून दोन मुलींच्या हाती दिला. ज्याला जखम झाली आहे तो दुसऱ्याची जखम ओळखतो, असे म्हणतात. अनुभव सांगतो की, नेहमी ओळखत नाही. कधी कधी तो केवळ सुरी कशी धरावी एवढेच शिकलेला असतो.

आमच्यासारख्या सभ्य नकारांच्या शेजारीच असभ्य हिंसा राहते. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशाचा निदो तानिया हा कोवळा विद्यार्थी दिल्लीच्या लाजपत नगरात एका दुकानाशी पत्ता विचारावयास थांबला. त्याच्या रूपाची व केसांची टवाळी झाली, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा अंत झाला. त्यानंतर सरकारने बेझबरुआ समिती नेमली. तिने त्याच वर्षी अहवाल दिला. २०२० साली महामारी आली तेव्हा ईशान्येकडील मुलामुलींना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हिणविले गेले, आणि त्यांत रात्रंदिवस रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकाही होत्या. त्या बातम्या वाचताना आम्हांस आमच्या दारातील त्या दोघी आठवल्या. त्या तेव्हा कोठे असतील, कोणाच्या उशाशी जागत असतील, हे विचारावयास आमच्याकडे त्यांचे नावही नव्हते. आम्ही ते विचारलेच नव्हते.

मग साक्षीदाराचे कर्तव्य कोणते? ओलेथाच्या त्या घटनेत इयन ग्रिलॉट नावाचा चोवीस वर्षांचा गोरा अमेरिकन तरुण तेथे होता. मारेकऱ्याच्या गोळ्या संपल्या असे समजून तो त्याला पकडण्यासाठी धावला आणि स्वतः गोळी लागून जबर जखमी झाला. अशा धैर्यापुढे आपण नतमस्तक होतो. पण त्यात एक धोका आहे. आपण धैर्याला एवढ्या उंचावर नेऊन ठेवतो की मग ते आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे सांगून सुटका करून घेता येते. विरार लोकलमध्ये आमच्याकडून कोणी प्राण मागितले नव्हते. मागणी होती ती फक्त बाकावर बसण्याची. मणिपूरच्या मुलींना नाव विचारण्याची. चर्चमध्ये मागे वळण्याची. विनोद झाल्यावर न हसण्याची. हौतात्म्य थोड्यांच्या वाट्याला येते. ही लहान कर्तव्ये मात्र रोज आपल्या स्थानकावर थांबतात.

गणनाच्या ग्रंथात एक कथा आहे. मोशेने कूशी, म्हणजे आफ्रिकेतील कूश देशाची, स्त्री पत्नी केली म्हणून त्याची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन यांनी त्याच्याविरुद्ध कुरकुर केली. देवाचा कोप झाला आणि मिर्यामचे अंग कोडाने बर्फासारखे पांढरे झाले. दुसरीच्या वर्णावर बोट ठेवणारीला पांढरेपणाच शिक्षा म्हणून मिळावा, हे वाचताना आम्ही नेहमी थबकतो. पण कथेचा शेवट याहून मोलाचा आहे. ज्याचा अपमान झाला त्या मोशेनेच तिच्यासाठी प्रार्थना केली. तिला सात दिवस छावणीबाहेर राहावे लागले, आणि ती परत येईपर्यंत सारा समाज पुढे न जाता थांबून राहिला. पूर्वग्रह हा एकाचा रोग असला तरी त्यापायी सर्वांचाच प्रवास अडतो; आणि रोगी बरा होऊन परत येऊ शकतो.

आम्ही बरे झालो आहोत, असा दावा आमचा नाही. एवढेच सांगतो की, गेल्या पावसाळ्यात पुन्हा तसाच प्रसंग आला. रात्रीची गाडी, उभी गर्दी, खिडकीशी आफ्रिकी तरुण आणि शेजारी रिकामी जागा. आमच्या मनात पूर्वीचीच चलबिचल झाली, हे मान्य केले पाहिजे. मग आम्ही जाऊन बसलो. तो डोळे मिटून गाढ झोपला होता. आमच्या या पराक्रमाची त्याला खबरही नव्हती, आणि तेच योग्य होते. दिवसभराच्या श्रमानंतर त्याला आमचा चांगुलपणा नको होता, बोरिवलीपर्यंत झोप हवी होती. थोड्या वेळाने एक गृहस्थ छत्री सांभाळीत आले आणि आमच्या शेजारी बसले. त्यांच्या मागोमाग आणखी एक आले व नेहमीच्या हक्काने म्हणाले, ‘‘जरा सरका.’’

आम्ही झोपलेल्या तरुणाच्या बाजूला सरकलो. बाकावर चौघे झाले.